परांचीवरचा माणूस : उंचीवरील कामाच्या सुरक्षिततेचा इतिहास



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते आम्हाला आठवीत इतिहास शिकवीत. सनावळ्या पाठ नसल्या तरी ते रागावत नसत. पण एका गोष्टीविषयी फार कडक होते. कोणताही जुना कागद समोर आला की तो लिहिला कोणी आणि कोणाच्या सोयीसाठी लिहिला, हे आधी विचारा, मग त्यातला मजकूर वाचा, असे ते वारंवार सांगत. आज मी अशाच एका कागदाविषयी बोलणार आहे. तो कोणा पेशव्याचा किंवा रेसिडेंटाचा नाही. तो मीच लिहिलेला आहे आणि त्यात एकच वाक्य आहे.

१९७३ सालची गोष्ट. कलाभवनातून स्थापत्याची पदवी घेऊन मला दोन वर्षे झाली होती आणि बडोद्यातीलच एका तीन मजली इमारतीच्या कामावर मी देखरेखीसाठी होतो. दिवाळी होऊन गेली होती. बाहेरच्या भिंतीचा गिलावा चालू होता. बांबूंची परांची सुंभाने बांधलेली होती. आपल्याकडील गुजराती मजूर तिला पालख म्हणतात. दुसऱ्या मजल्याच्या टप्प्यावर एरवी तीन फळ्या असत. त्या दिवशी दोनच होत्या, कारण तिसरी सकाळीच वरच्या टप्प्यासाठी काढून नेली होती. फळ्या कमी पडत होत्या, काम थांबू नये म्हणून मुकादमाने विचारले, आणि मी हो म्हटले होते. दाहोदकडून आलेला एक तरुण गिलाव्यावर रंधा फिरवीत होता. भिंत सपाट आली की नाही हे पाहण्यासाठी गवंडी जसा एक पाऊल मागे घेतो, तसे त्याने घेतले. मागे फळी नव्हती आणि कठडा तर पहिल्यापासूनच नव्हता. उंची सुमारे वीस फूट होती. रुग्णालयात पोचण्यापूर्वीच तो गेला.

संध्याकाळी अपघाताच्या नोंदवहीत मी लिहिले : ‘सदर मजूर स्वतःच्या निष्काळजीपणामुळे तोल जाऊन पडला.’ असे लिहा म्हणून मला कोणी सांगितले नव्हते, कोणी दडपणही आणले नव्हते. ते वाक्य माझ्या लेखणीतून इतक्या सहजपणे उतरले, जणू काही ते आधीपासूनच त्या वहीत छापलेले होते आणि मी फक्त त्यावरून शाई फिरवली.

हे वाक्य माझे नव्हते, ते फार जुने होते, हे मला पुष्कळ वर्षांनी कळले. ते कोठून आले याचा माग काढण्याचा उद्योग मी निवृत्तीनंतर केला. आजचे व्याख्यान म्हणजे त्या उद्योगाचा वृत्तान्त होय.

उंचावरून माणूस पडू नये ही चिंता काही आधुनिक नाही. बायबलच्या जुन्या करारात नवे घर बांधणाऱ्याला अशी आज्ञा आहे की, त्याने धाब्याला कठडा करावा, नाहीतर कोणी पडून मेला तर त्या रक्ताचा दोष त्या घराला लागेल. आज्ञा कोणाला केली आहे ते पाहा. धाब्यावर जपून चालण्याचा उपदेश चालणाऱ्याला केलेला नाही. कठड्याची जबाबदारी घराच्या मालकावर टाकली आहे. इतकी स्वच्छ दृष्टी इतक्या प्राचीन काळी माणसाला होती. मात्र ती पुऱ्या झालेल्या घरापुरती होती. घर जोवर अपुरे आहे आणि त्याच्या अंगाखांद्यावर परांची चढलेली आहे, तोवर तेथे वावरणाऱ्या माणसासाठी कठडा करावा, असे वाटायला पुढे शतकांमागून शतके जावी लागली.

मधल्या काळात कायद्याने नेमकी उलट वाट धरली. इंग्लंडात १८३७ साली प्रीस्टली विरुद्ध फाउलर हा खटला झाला. त्यात परांची नव्हती. एका खाटकाचा नोकर मालकाच्या मालाने जादा भरलेल्या गाडीवर बसून जात असता गाडी मोडली आणि त्याची मांडी मोडली. मालकाने भरपाई द्यावी की नाही हा प्रश्न होता. न्यायालयाने नोकराविरुद्ध निर्णय दिला. गाडीत किती भार आहे हे नोकराला मालकाइतकेच किंवा अधिकच ठाऊक असणार, आणि धोका पत्करायचा नसेल तर त्याला नाही म्हणता आले असते, असा त्यामागचा विचार होता. या एका मटणाच्या गाडीवरून पुढे मोठे शास्त्र उभे राहिले. काम पत्करले म्हणजे त्यातला धोकाही पत्करला, आणि सहकाऱ्याच्या चुकीने इजा झाली तर मालक जबाबदार नाही, ही दोन सूत्रे इंग्रजी राज्य जेथे जेथे गेले तेथे तेथे गेली. खाणीतल्या, गिरणीतल्या आणि परांचीवरच्या माणसाला तीच लागू झाली. ज्याला नाही म्हटले तर उद्याची भाकर मिळणार नाही, त्याला नाही म्हणण्याचे स्वातंत्र्य आहे असे धरून चालणारे हे शास्त्र होते. माझ्या नोंदवहीतल्या वाक्याचे हे मूळ गाव.

*

आपल्या शहरातील लक्ष्मीविलास राजवाडा १८९० साली पुरा झाला आणि त्याच वर्षी सयाजीराव महाराजांनी कलाभवन सुरू केले. राजवाड्याचे आराखडे करणारा मेजर चार्ल्स मँट १८८१ साली वारला. आपले हिशेब चुकले आहेत, ही वास्तू कोसळणार, या धास्तीने त्याचे चित्त भ्रमिष्ट झाले होते, अशी आख्यायिका बडोद्यात लहानपणापासून आपण ऐकतो. पुढे रॉबर्ट चिझमने ते काम तडीस नेले. ग्वाल्हेरकडचे आपले बांधव जयविलास राजवाड्याविषयी असेच सांगतात की, दरबार हॉलमधली साडेतीन टनांची झुंबरे टांगण्यापूर्वी छत पेलते की नाही हे पाहण्यासाठी हत्ती वर चढवले होते. रचनाकाराची धास्ती लोकांच्या स्मरणात राहिली, हत्तीही राहिले. त्या छताखाली परांचीवर उभे राहून नक्षी कोरणाऱ्यांविषयी मी स्वतः या दोन्ही राजवाड्यांत कितीदा तरी गेलो असेन, पण वाटाड्याला एकदाही विचारले नाही. मग इतरांना काय म्हणावे?

१८९० सालीच, मार्च महिन्यात, स्कॉटलंडमध्ये फोर्थ नदीच्या खाडीवरचा रेल्वेपूल खुला झाला, आणि या पुलाने मरणाऱ्यांची मोजदाद कशी होते याचा मला पहिला धडा दिला. जॉन फाउलर आणि बेंजामिन बेकर हे त्याचे अभियंते, विल्यम ॲरोल हा ठेकेदार. १८७९ च्या डिसेंबरात जवळचाच टे नदीवरचा पूल वादळात आगगाडीसह कोसळला होता. त्यामुळे हा पूल असा दांडगा करायचा की कोणाच्या मनात शंका येऊ नये, असा निश्चय होता. पाण्यापासून त्याची सर्वोच्च उंची ३६१ फूट. कामाच्या ऐन भरात सुमारे ४,६०० माणसे तेथे राबत. बेकर हा निष्ठुर माणूस नव्हता. माणसे पाण्यात पडली तर उचलण्यासाठी पुलाखाली होड्या सतत ठेवलेल्या असत आणि त्यांनी आठ जणांचे प्राण वाचवले. आजारी व जखमी कामगारांसाठी एक मदत मंडळही होते.

या कामावरचा एक अभियंता विल्हेल्म वेस्टहोफेन याने पुलाचा विस्तृत वृत्तान्त लिहून ठेवला आहे. त्यात हातून निसटणाऱ्या हत्यारांच्या हकिगती आहेत. एक पाना सुमारे तीनशे फुटांवरून निसटला, वाटेत एका माणसाच्या डोक्यावरची टोपी उडवून गेला आणि खालच्या चार इंच जाडीच्या लाकडी फळीला आरपार भोक पाडून गेला. दुसरा एक पाना एका कामगाराच्या जाकिटात वरून शिरला आणि सगळे कपडे फाडत घोट्यापाशी बाहेर पडला. माणसाला ओरखडाही आला नाही. वेस्टहोफेन हे काहीशा विनोदाने सांगतो. कामावरची माणसेही असेच सांगतात, हे मी जन्मभर पाहिले आहे. वाचलेल्याची गोष्ट रंगवून सांगितली जाते. न वाचलेल्याचा आकडा होतो.

आणि तो आकडाही पुरा होत नाही. फोर्थ पुलावर ५७ माणसे मेली, असे शंभर वर्षांहून अधिक काळ पुस्तकांत छापले जात होते. एकविसाव्या शतकाच्या आरंभी त्या परिसरातल्या काही इतिहासप्रेमी रहिवाशांनी मृत्यूच्या नोंदी आणि जुनी वृत्तपत्रे एकेक करून तपासली, तेव्हा ती संख्या ७३ निघाली. त्यांपैकी ३८ जण उंचीवरून पडून मेले, नऊ जण बुडून, आणि आठ जण वरून पडलेल्या वस्तूच्या आघाताने. या यादीत तेरा वर्षांचा एक मुलगा आहे. विद्यार्थिमित्रहो, तेरा वर्षांचा म्हणजे तुमच्या आठवीच्या वर्गातला. तापलेले रिवेट झेलून पुढे देण्याच्या कामावर अशी मुले असत. गुरुजींचा प्रश्न येथे लागू करून पाहा. ५७ हा आकडा ज्यांनी लिहिला ते खोटे बोलत होते असे मी म्हणत नाही. पण मोजणारा पूल बांधणाऱ्यांच्या बाजूला बसून मोजत होता. दुसऱ्या बाजूने मोजायला बसलेली माणसे त्या गावचीच निघाली.

*

कायद्याला पालवी फुटायला सुरुवात याच काळात झाली. न्यूयॉर्क राज्याने १८८५ साली परांचीचा कायदा करून धोकादायक परांची पुरवणे हा पुरवणाऱ्याचा अपराध ठरवला. इंग्लंडात १८९७ साली कामगार भरपाईचा कायदा आला आणि चूक कोणाची हा प्रश्नच बाजूला ठेवून इजेची भरपाई मालकाने द्यावी, असे प्रथमच ठरले. मात्र इमारतीच्या कामापुरती त्यात एक अट होती. इमारत तीस फुटांहून उंच असली पाहिजे आणि तेथे परांची लावलेली असली पाहिजे. म्हणजे पंचवीस फूट उंच घराच्या छपरावरून पडलेल्या माणसाला त्या कायद्याच्या दृष्टीने काहीच झाले नव्हते. १९०६ साली ही अट गेली.

हिंदुस्थानात असाच कायदा १९२३ साली झाला. त्याच्या परिशिष्टातही इमारतीच्या उंचीचे माप होते. पुढे प्रदीर्घ काळ चाललेल्या तरतुदीत ते एका मजल्याहून अधिक किंवा बारा फूट असे होते. धोका पत्करला म्हणजे हक्क गेला, हे मटणाच्या गाडीचे सूत्र आपल्याकडे १९३८ च्या कायद्याने काढून टाकले.

येथे मला माझ्या वाक्याकडे परत गेले पाहिजे. १९२३ च्या त्या कायद्यात असे कलम होते की, कामगार दारूच्या अमलाखाली असेल किंवा त्याने सुरक्षिततेचा नियम जाणूनबुजून मोडला असेल, तर मालकाची जबाबदारी सुटते. पण हा बचाव मृत्यू आला असल्यास चालत नाही. माणूस कामावर आणि कामामुळे मेला की भरपाई द्यायची, मग चूक कोणाचीही असो. नुसता निष्काळजीपणा तर जखमेच्या बाबतीतही बचाव म्हणून पुरेसा नव्हता. म्हणजे मी लिहिलेल्या वाक्याला कायद्यात दमडीची किंमत नव्हती. हे मला १९७३ साली ठाऊक नव्हते. त्या तरुणाची बायको आणि थोरला भाऊ चौथ्या दिवशी आले. दोघांनाही वाचता येत नव्हते. कार्यालयातील एकाने नोंदवही उघडून माझे वाक्य त्यांना हिंदीत समजावून सांगितले. भावाने मान डोलावली. ‘उसकी गलती थी, साहब,’ असे तोच मला म्हणाला. मग त्यांनी जे हातावर ठेवले गेले ते घेतले, एका कागदावर अंगठा दिला आणि दुपारच्या गाडीने ते परत गेले. ज्या वाक्याला न्यायालयात किंमत नव्हती, त्याने न्यायालयापर्यंत जाण्याची वाट मात्र बंद केली.

*

उंचीवर काम करणाऱ्यांविषयी आणखी एक समजूत आहे आणि ती वरवर कौतुकाची असल्यामुळे अधिक घातक आहे. काही जमातींना उंचीचे भयच नसते, ती त्यांच्या रक्तातली गोष्ट आहे, असे मानले जाते. अमेरिकेत हे मोहॉक लोकांविषयी सांगितले जाते. कॅनडातील कानावागे येथील मोहॉक पुरुष पोलादी पुलांवर व गगनचुंबी इमारतींवर पिढ्यान्‌पिढ्या काम करीत आले. १९०७ च्या ऑगस्टात क्युबेकचा पूल बांधकाम चालू असतानाच कोसळला आणि मेलेल्या ७५ जणांत ३३ कानावागेचे होते. एका लहान वस्तीतली इतकी माणसे एका दिवसात गेली. त्यानंतर सर्व पुरुषांनी एकाच कामावर जाऊ नये, असा आग्रह तेथील स्त्रियांनी धरला, असे सांगतात. भय नसलेल्या लोकांच्या घरी असा निर्णय झाला असता का? भय त्यांनाही होते. ते वागवीत काम करण्याची रीत त्यांनी बापाकडून मुलाकडे दिली होती, एवढेच.

आपल्या शहरातल्या कामांवर दाहोद, झाबुआ, अलिराजपूर या भागांतून येणाऱ्या आदिवासी स्त्रीपुरुषांविषयी हेच ऐकू येते. ‘ती माणसे माकडासारखी चढतात, त्यांना काही होत नाही,’ हे शब्द मी सुशिक्षित माणसांच्या तोंडून ऐकले आहेत आणि तरुणपणी स्वतःही म्हटले आहेत. ज्याला काही होत नाही असे एकदा ठरले, त्याच्यासाठी कठड्याचा खर्च कोण करील?

१९३२ साली न्यूयॉर्कमध्ये काढलेले एक छायाचित्र तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. रॉकफेलर सेंटरच्या एका इमारतीच्या ६९ व्या मजल्यावर पोलादी तुळईवर पाय सोडून अकरा कामगार ओळीने जेवायला बसले आहेत. ते छायाचित्र इमारतीच्या जाहिरातीसाठी मुद्दाम बसवून घेतलेले होते. बसलेली माणसे खरे कामगार होती, उंचीही खरी होती. त्यात दोर नाही की कठडा नाही, आणि तरीही ते जगभर भिंतींवर लागले ते धाडसाचे चित्र म्हणून. मंदीचे दिवस होते. खाली रस्त्यावर त्या तुळईवरची जागा मिळावी म्हणून थांबलेली माणसे होती. ती चित्रात येत नाहीत.

*

आता त्याच मंदीच्या दिवसांतील एका पुलाकडे वळू. सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पुलाचे काम ५ जानेवारी १९३३ रोजी सुरू झाले. दोन मनोऱ्यांमधले अंतर ४,२०० फूट, मनोऱ्यांची पाण्यापासूनची उंची ७४६ फूट, खर्च साडेतीन कोटी डॉलर. त्या काळी अमेरिकी पूल बांधणाऱ्यांत एक अलिखित हिशेब होता : दर दहा लाख डॉलर खर्चामागे एक माणूस. सिमेंट किती लागेल, पोलाद किती लागेल, तसे मृत्यू किती लागतील याचाही अंदाज असे. त्या हिशेबाने या पुलाच्या वाट्याला पस्तीस मृत्यू येत होते.

मुख्य अभियंता जोसेफ स्ट्रॉस हा मानी आणि श्रेय वाटून घ्यायला नाखूश असा माणूस होता. पुलाच्या गणिताचा फार मोठा भाग ज्याने केला त्या चार्ल्स एलिसचे नाव त्याने पुढे येऊ दिले नाही. पण हा पस्तीसचा हिशेब त्याने मान्य केला नाही. स्थानिक बुलार्ड कंपनीने पहिल्या महायुद्धातील सैनिकी टोपावरून कामगारांसाठी कडक टोप तयार केला होता. त्याची सुधारित आवृत्ती येथे सक्तीची झाली. धुक्यातून परावर्तित होणाऱ्या उजेडाने डोळे दिपू नयेत म्हणून चष्मे दिले. झोंबऱ्या वाऱ्यासाठी हातातोंडाला लावायचे मलम दिले. चक्कर येऊ नये म्हणून आहाराकडेही लक्ष पुरवले. उंचीवर कसरती करून मर्दुमकी दाखवणाऱ्याला तो सरळ कामावरून काढी. छायाचित्रातल्या धाडसाला त्या पुलावर जागा नव्हती.

१९३६ साली रस्त्याचा पोलादी सांगाडा टाकायला प्रारंभ झाला, तेव्हा स्ट्रॉसने सांगाड्याखाली या टोकापासून त्या टोकापर्यंत दोरखंडाचे जाळे टांगले. सर्कशीत झोक्याखाली असते तसे, पण सांगाड्याच्या दोन्ही बाजूंना दहा-दहा फूट बाहेर आलेले. खर्च एक लाख तीस हजार डॉलर. पुलाच्या एकूण खर्चाशी ताडून पाहिले तर हा खर्च हजारी चार डॉलरही भरत नाही. या जाळ्यात एकोणीस माणसे पडली आणि जिवंत वर आली. त्यांनी आपला एक मजेदार क्लबही काढला. नरकाच्या अर्ध्या वाटेवरून परतलेल्यांचा क्लब, असे काहीसे त्याचे नाव. त्या एकोणिसांत निष्काळजी किती आणि दक्ष किती, हे जाळ्याने विचारले नाही. माझ्या मते या विषयातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच. त्याआधीचे जवळजवळ सगळे उपाय माणसाला उद्देशून होते : जपून चाल, खाली पाहू नकोस, दारू पिऊन येऊ नकोस. जाळे माणसाला काही सांगत नाही. माणूस चुकणार हे ते धरूनच चालते.

काम सुरू झाल्यापासून जवळजवळ चार वर्षे एकही मृत्यू झाला नव्हता. पहिला मृत्यू १९३६ च्या ऑक्टोबरात एक यारी कोसळून झाला. त्यानंतर १७ फेब्रुवारी १९३७ चा दिवस उजाडला. काँक्रीटचे साचे काढण्यासाठी पुलाखाली एक फिरता मचाण अडकवलेला होता, सुमारे पाच टनांचा. त्याची पकड निसटली आणि तो जाळ्यावर कोसळला. जाळे माणसांसाठी विणलेले होते, पाच टनांसाठी नव्हे. ते फाटत गेले आणि मचाणासह बारा माणसे समुद्रात गेली. दोन वाचली, दहा मेली. तीन महिन्यांनी, २७ मे रोजी पूल खुला झाला. एकूण मृत्यू अकरा. त्याच शहरात त्याच वर्षांत बांधलेल्या बे पुलावर वीसहून अधिक माणसे गेली होती.

जाळे फाटले म्हणून जाळ्याची कल्पना फसली असे कोणी म्हणाले नाही, हे त्या काळच्या लोकांचे शहाणपण. मचाणाची पकड कोणी तपासली होती, हा प्रश्न विचारला गेला. मेलेल्या दहा जणांनी काय चूक केली, हा नव्हे.

*

पुढचा इतिहास मी भरभर सांगतो, कारण त्यात नवे तत्त्व थोडे आणि तपशील फार. कमरेच्या पट्ट्याला दोर बांधण्याची रीत बरीच वर्षे चालली. पडणारा माणूस त्या पट्ट्यावर एकदम अडकला की सगळा हिसका पोटावर येतो आणि आतल्या अवयवांना इजा होते, हे ध्यानात आल्यावर खांदे, छाती आणि मांड्या यांवर भार वाटून देणारा पूर्ण अंगाचा पट्टा आला. अमेरिकेत १ जानेवारी १९९८ पासून पडणाऱ्याला सावरण्यासाठी नुसता कमरपट्टा वापरायला मनाई झाली. पट्ट्यात लोंबकळत राहिलेल्या माणसालाही लवकर खाली घ्यावे लागते, नाहीतर पायांत रक्त साचून तो दगावू शकतो. ब्रिटनने २००५ साली नियम करताना दोन मीटरच्या वरच काळजी घ्यायची ही जुनी मर्यादा काढून टाकली. जेथून पडले तर इजा होईल ती उंची, अशी साधी व्याख्या केली. त्या नियमांत उपायांचा क्रमही दिला आहे. उंचीवर जाणे टाळता येते का ते प्रथम पाहा. नाही तर पडणे अशक्य होईल असा कठडा करा. तेही जमत नसेल तर जाळे किंवा पट्टा. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी हा क्रम शेवटाकडून सुरू होतो. पट्टा दिला की कर्तव्य संपले. तो कशाला अडकवायचा? मी कामगारांना तो त्याच बांबूला अडकवताना पाहिले आहे, ज्यावर ते उभे होते.

वीस फुटांवरून पडणारा माणूस सव्वा सेकंदाच्या आत जमिनीवर येतो आणि त्या क्षणी त्याचा वेग ताशी एकोणचाळीस किलोमीटरच्या आसपास असतो. सावरायला वेळ नसतो.

आपल्या देशात नियमांचा तुटवडा कधीच नव्हता. राष्ट्रीय इमारत संहिता १९७० साली प्रसिद्ध झाली आणि तिच्यात बांधकामाच्या वेळच्या सुरक्षिततेचा स्वतंत्र भाग होता. १९७३ साली ती आमच्या कार्यालयातल्या कपाटात होती. कपाटाची किल्ली माझ्याच खिशात असे. पुढे १९९६ साली इमारत व इतर बांधकाम कामगारांसाठी खास कायदा झाला आणि १९९८ साली त्याचे केंद्रीय नियम आले. परांची, कठडे, जाळी, पट्टे या सगळ्यांची तरतूद त्यांत होती. कल्याणनिधीसाठी बांधकामाच्या खर्चावर उपकरही बसला. तो गोळा झाला. वाटला गेला नाही. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने यावर कठोर शब्दांत नाराजी व्यक्त केली. त्या वेळी ३७,४०० कोटींहून अधिक रक्कम जमा झालेली होती आणि खर्च सुमारे ९,५०० कोटींचा होता.

त्या कायद्याच्याही हातात मोजपट्टी होती. दहापेक्षा कमी कामगार असतील, किंवा स्वतःच्या राहत्या घराचे काम दहा लाखांच्या आतले असेल, तर तो लागू नव्हता. २०२० च्या संहितेत तो कायदा विलीन झाला आणि ही संहिता नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. राहत्या घरासाठीची मर्यादा तिने पन्नास लाखांवर नेली. आपल्यापैकी जो कोणी घरावर एक मजला चढवील, त्याचे काम बहुधा या मर्यादेच्या आतच बसेल. तेथील परांचीवर कठडा असावा की नसावा हे तेव्हा कायदा ठरवणार नाही, घरमालक ठरवील. इंग्लंडातली तीस फुटांची अट ऐकून मघाशी काही जण हसले, म्हणून हे सांगितले.

या शाळेच्या पश्चिमेकडील भिंतीची दुरुस्ती चालू आहे. आज येताना मी तेथे थांबलो. परांचीवरून हिरवी जाळी सोडलेली आहे. शहरात सगळीकडे असते तशीच. ती धूळ आणि खपल्या अडवण्यासाठी असते. माणसाचे ओझे तिला पेलत नाही. मी तेथील मुकादमाला विचारले तेव्हा त्यालाही ते ठाऊक होते. कठडा नव्हता. मुख्याध्यापकांशी मी बोललो. त्यांनी मधल्या सुट्टीत ठेकेदाराला बोलावले आणि व्याख्यान सुरू होण्यापूर्वी, मी खिडकीतून पाहिले, दोन माणसे कमरेच्या उंचीवर आडवा बांबू बांधत होती.

१९७३ ची ती नोंदवही कधीच रद्दीत गेली असेल. त्या पानावर, वाक्याच्या आधी, ठरावीक रकाने होते. नाव, गाव, कामाचे स्वरूप, दिवसाची मजुरी. वयाच्या रकान्यात मी लिहिले होते : अंदाजे बावीस. माझे स्वतःचे वय तेव्हा चोवीस होते.